खिडकीतून उचललेलं शास्त्र

“दहा मिनिटं बोला,” पाळकसाहेब म्हणाले. “कागदावरून वाचू नका. अनुभवातून येऊ द्या.”

ही चौदा वर्षांपूर्वीची, डिसेंबरातली गोष्ट. नगरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत येत्या रविवारी ‘शास्त्र रविवार’ (शास्त्र म्हणजे आमचं बायबल) होता, आणि ‘धकाधकीच्या जीवनात नियमित शास्त्रवाचन’ या विषयावर मंडळीतल्याच एका गृहस्थाने साक्ष द्यायची होती. गृहस्थ म्हणून माझी निवड झाली होती. निवड करणाऱ्या समितीत मी होतो हे खरं, पण त्या बैठकीत मी तीनदा नको म्हटल्याची इतिवृत्तात नोंद आहे. इतिवृत्त मीच लिहिलं.

“उजागरेकाकांना सांगा ना, साहेब,” मी म्हणालो. चौथ्यांदा नको म्हणणं शोभून दिसतं.

“उजागऱ्यांचे गेल्या वर्षी तीनशे अकरा दिवस भरले, मकासरे. तुमचे तीनशे पासष्ट.”

आमच्याकडे जानेवारीत प्रत्येकाला वाचनाचं एक कार्ड मिळायचं. रोजचा अध्याय वाचला की त्या दिवसाच्या चौकटीत बरोबरची खूण करायची आणि वर्ष संपलं की कार्ड सेक्रेटरीकडे जमा करायचं. सेक्रेटरी मी. माझं कार्ड मी माझ्याकडे नेहमी वेळेवर जमा करायचो. खुणा मात्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका बैठकीत, तीन वेगवेगळ्या पेनांनी करायचो. वर्षभर एकाच पेनने लिहिणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

हेतू वाईट नव्हता. वेळ नव्हता, इतकंच. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क, इकडे मंडळीचा सेक्रेटरी, तरुण संघाचा सल्लागार, दफनभूमी समितीवर, नाताळच्या कंदिलांच्या समितीवर. देवाच्या कामाचा व्याप एवढा वाढला होता की त्याचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते बघायला सवड उरत नव्हती.

तरी वार्षिक सभेत कार्डांचा अहवाल वाचताना मी उजागरेकाकांच्या दिशेने बघून म्हणालो होतो, “काही ज्येष्ठांनी जरा जोर लावायला हवा.” काकांनी शांतपणे मान डोलावली होती.

उजागरेकाका म्हणजे बार्तलमी उजागरे. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, सत्तरी ओलांडलेले. दर रविवारी उपासना सुटली की सायकल धरून फाटकाशी उभे राहायचे आणि मी दिसलो की विचारायचे, “काय सुधीर, वाचन चाललंय ना?”

“रोज, काका.”

“छान,” म्हणायचे आणि सायकलला टांग मारायचे.

हे त्या वर्षी ईस्टरनंतर सुरू झालं होतं. मी त्याला म्हातारपण समजत होतो.

शनिवारी दुपारी चारला मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. साक्ष लिहून तयार होती. (अनुभवातून बोलायचं असलं तरी तो आधी लिहून काढलेला बरा असतो.) फक्त शेवटाला एखादं वचन हवं होतं. म्हणून कपाटावरून शास्त्र काढलं.

इथे त्याच्या कव्हराबद्दल सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी वेदीमागचे पडदे बदलले, तेव्हा जुन्या तांबड्या मखमलीतून महिला मंडळाने शास्त्राला घालायची साठ कव्हरं शिवली. जाड अस्तर, तिन्ही बाजूंनी झिप, सगळी एका मापाची. ओळखू यावीत म्हणून वर नावं भरावीत अशी सूचना आली होती, पण वेदीच्या कापडावर माणसांची नावं कशी, म्हणून ती फेटाळली गेली. त्या मखमलीचा मला मोठा उपयोग होता. शास्त्रपाठ पडद्यावर दाखवायला लागल्यापासून उपासनेत लॅपटॉप मी चालवायचो. मांडीवर शास्त्र आणि शास्त्रावर माउस. मखमलीवर माउस फार सुंदर फिरतो.

झिप उघडेना.

ओढली, हलवली, उलटी धरून ओढली. शेवटी स्वयंपाकघरात गेलो. माझी बायको एस्तेर नाताळच्या करंज्यांचं सारण परतत होती. तिने पदराला हात पुसले आणि झिप डोळ्यांजवळ धरली.

“गंजलीये.”

“हवा दमट आहे.”

“नगरची? डिसेंबरात?” तिने फडताळातून मेणबत्तीचा तुकडा काढला आणि झिपच्या दातांवर घासायला लागली. “रोज उघडता ना तुम्ही?”

“मला उद्या साक्ष द्यायची आहे, एस्तेर.”

“म्हणूनच विचारतेय.”

करकर करत झिप उघडली. आतलं पुस्तक माझं नव्हतं.

माझं शास्त्र सोनेरी कडांचं. सेक्रेटरीपदाला दहा वर्षं झाली तेव्हा मंडळीने दिलेलं, आत माझं नाव छापलेलं. हे जुनं होतं. पानं चहासारखी पिवळी, पाठीला कातड्याची पट्टी चिकटवलेली, आणि पहिल्या पानावर निळ्या शाईत: ‘बा. सा. उजागरे, कंडक्टर.’

मी पानं उलटली. समासात बोटभर जागा मोकळी नव्हती. पेन्सिलीने बारीक तारखा, आणि तारखेपुढे एखादी ओळ. ‘मुक्काम पाथर्डी. दिवे गेले. बॅटरीवर सहा वचनं.’ ‘जामखेडची फेरी उशिरा. डेपोत उभ्याने वाचलं.’ ‘ड्रायव्हर शेख हसला. मग म्हणाला, मोठ्याने वाच.’ ‘रेखा पास झाली.’ आणि अधूनमधून, बऱ्याच ठिकाणी, एकच शब्द: ‘राहिलं.’ ‘आईला ससूनला नेलं. राहिलं.’ ‘संप. दिवसभर घरीच होतो, तरी राहिलं.’

चाळीस वर्षांच्या तारखा होत्या. मी सगळ्यात अलीकडची शोधत गेलो. ती सापडली. ‘ईस्टर. पहाटेच्या उपासनेआधी वाचलं.’ त्याच्यापुढे काही नाही. त्या पानाचा उरलेला समास कोरा.

ईस्टरला काय झालं ते मग माझ्या ध्यानात आलं. उपासनेनंतर प्रीतिभोजन असतं. पंगतीत बसायच्या आधी सगळे आपापली शास्त्रं सभागृहाच्या खिडकीत रचून ठेवतात, जेवणाचे हात पुस्तकाला लागू नयेत म्हणून. मला कुठल्याशा समितीची घाई होती. मी हात धुतले, वरचं तांबडं उचललं आणि निघालो. पुस्तक जरा फुगलेलं वाटलं होतं. त्याही वेळी मी हवेलाच दोष दिला होता.

“आठ महिने,” मी म्हणालो आणि खुर्चीत बसलो. “चाळीस वर्षं वाचणाऱ्या माणसाचं वाचन माझ्यामुळे आठ महिने बंद आहे.”

एस्तेरने पानं बघितली. ‘राहिलं’वर तिचं बोट थोडा वेळ थांबलं. “मग आता?”

“उद्या लवकर जातो. काका बाकावर पुस्तक ठेवून पाणी प्यायला जातात. हे तिथे ठेवायचं, माझं उचलायचं. कोणाला पत्ता लागणार नाही.”

“तुमच्या पुस्तकात तुमचं नाव आहे ना?”

“आहे की. छापलेलं. सोनेरी.”

माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत तिने नुसती वाट पाहिली. एवढ्या वर्षांत तिला अंदाज आला होता, किती वेळ लागतो त्याचा.

म्हणजे काकांना माहीत होतं. ईस्टरच्या संध्याकाळपासून. आणि दर रविवारी फाटकाशी ते विचारत होते, वाचन चाललंय ना. आणि दर रविवारी मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून, त्यांचंच पुस्तक काखेत धरून, सांगत होतो, रोज, काका.

मी ते रविवार मोजायला घेतले आणि सोडून दिले.

“पाळकसाहेबांना कळवतो, घसा बसलाय म्हणून,” मी म्हणालो. वीस वर्षं कमावलेलं नाव होतं. सकाळी दहाच्या आत ते जाणार होतं. काका पहिल्या बाकावर बसतात. त्यांच्यासमोर उभं राहून मी कुठला अनुभव सांगणार होतो?

“कळवा. आणि पुढच्या रविवारी फाटकातून कसे बाहेर पडणार? भिंतीवरून?” एस्तेर गॅसकडे वळली. “सारण लागलं तुमच्या पायी. जा, पुस्तक देऊन या. चहाच्या वेळेला पोचाल.”

उजागरेकाका स्टेशनाकडच्या बाजूला दोन खोल्यांत राहत. दार मार्थाकाकूंनी उघडलं. हातात मेथीची जुडी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या काखेकडे पाहिलं, आणि आत वळून ओरडल्या, “अहो, आला बरं का!”

“कोण?”

“कोण काय विचारता! शास्त्र घेऊन आलाय.”

काका चष्मा पुसत बाहेर आले. “बस. उघडलंस?”

“हो.”

“कधी?”

“आज,” मी म्हणालो. “चार वाजता.”

“यांनी मला सांगितलं होतं, आठ दिवसांत येईल,” काकू म्हणाल्या. “मी म्हटलं, अहो, तो सेक्रेटरी आहे. पुढच्या ईस्टरपर्यंत वाट बघा. बघ, चार महिने आधीच आलास. चहा ठेवते.”

मी पुस्तक टेबलावर ठेवलं. “काका, माफ करा. माझ्यामुळे तुमचं वाचन आठ महिने...”

“माझं वाचन कशाला बंद पडतंय?” काका म्हणाले. “पुस्तक होतं की घरात. तुझं.”

त्यांनी फळीवरून माझं शास्त्र काढलं, कव्हरातून बाहेर घेतलं आणि माझ्यापुढे ठेवलं. ते आपसूक उघडून पसरलं. माझं पुस्तक असं पसरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“कडा सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या,” काका म्हणाले. “नव्या सोनेरी पुस्तकाचं तसं असतं, कोणीतरी सोडवावं लागतं. पोस्टकार्ड घालून एकेक पान मोकळं केलं. तिसरं पुस्तक, लेवीय, त्याच्या पुढे तर फारच चिकट.”

“तिथवर सहसा कोणी जात नाही.”

“हो, दिसलं ते.”

आत काकूंनी कपबशा जरा जास्तच वाजवल्या.

“पण मला सांगायचं ना, काका. एका शब्दाने.”

“सांगितलं असतं तर पुस्तक परत आलं असतं,” काका म्हणाले. “उघडलं असतंस का?”

मी चहाची वाट बघत राहिलो.

“आणि विचारत नव्हतो का? दर रविवारी विचारत होतो.”

“मला वाटलं, सहज विचारता.”

“कंडक्टर सहज विचारत नाही, सुधीर. ज्याने तिकीट काढलंय तो खिडकीबाहेर बघत बसतो. ज्याने नाही काढलं तो आपणहून नमस्कार घालतो. चौतीस वर्षं बघितलंय.” त्यांनी चष्मा घातला. “राग नव्हता रे. मजा यायची. ही म्हणायची, आज काय म्हणाला? मी सांगायचो, आजही रोज.”

चहा आला. काकूंनी माझ्या कपात साखर जास्त घातली होती. आजाऱ्याला घालतात तशी.

“तुझा एक मात्र माझ्यावर उपकार झाला,” काका म्हणाले. त्यांनी आपलं जुनं शास्त्र जवळ ओढलं, पण उघडलं नाही. “माझ्या पुस्तकात सगळीकडे माझ्या खुणा. उघडलं की नजर खुणेवरच जायची. वीस-पंचवीस वर्षं त्याच थांब्यांवर गाडी उभी करत होतो, मधली गावं कधी बघितलीच नाहीत. तुझं पुस्तक कोरं. थांबाच नाही कुठे. कोणी हात दाखवेल तिथे उभं राहायचं. ज्या अध्यायांवरून मी सुसाट जायचो, तिथे माणसं उभी होती की.”

“तुम्ही त्यात काही लिहिलं नाही?”

“दुसऱ्याच्या पुस्तकात कशाला लिहू? ते तुझ्यासाठी मोकळं ठेवलंय.”

यावर काही बोलायला हवं होतं, पण अशा वेळी इतिवृत्ताची भाषा उपयोगी पडत नाही. मी उद्याचं सांगून टाकलं. साक्ष, विषय, दहा मिनिटं, तीनशे पासष्ट.

“मी कोणाला काही सांगणार नाही,” काका म्हणाले.

“माझं काही सांगता येत नाही,” काकू म्हणाल्या.

“मग काय बोलू मी?”

काकांनी विचार केला. “एक अध्याय नीट वाचायला मला सात मिनिटं लागतात. तुला दहा दिलीत. आज घरी जाऊन एक वाच. उद्या तोच तिथे वाच. उरली तीन मिनिटं. तीन मिनिटं खरं बोलायला काही हरकत नसावी.” मग त्यांनी कानामागची बोटभर पेन्सिल काढून माझ्या पुस्तकावर ठेवली. “ही ने. पेन नको. तुझ्याकडे तीन रंगांची आहेत, मला माहितेय. मागच्या वर्षीचं तुझं कार्ड फळ्यावर लावलं होतंस ना, तेव्हा बघितलं.”

घरी आलो. दिवेलागण झाली होती. एस्तेर करंज्या लाटत होती. मी टेबलाशी बसून एक अध्याय वाचला. घड्याळ लावून. मला सात नाही, नऊ मिनिटं लागली. वर्षभरात मला ही नऊ मिनिटं सापडली नव्हती, आणि ती इथेच होती, टेबलाच्या या कडेला, चहा आणि बातम्यांच्या मध्ये. वाचलेलं सगळं कळलं असं नाही. एका जागी मात्र मी थांबलो. कोणी हात दाखवला म्हणू या. मी समासात तारीख घातली. पुढे लिहिलं, ‘एस्तेर करंज्या लाटतेय. हसली.’

रविवारी व्यासपीठावर उभा राहिलो तेव्हा पहिल्या बाकावर काका-काकू होते. काकूंनी हाताची घडी घातली होती.

“मी नियमित वाचन करत नाही,” मी म्हणालो.

मंडळी प्रेमाने हसली. मागून कोणीतरी म्हणालं, “किती नम्र!” चांगल्या नावाची हीच अडचण असते, खरं बोललं तरी ते गुणांतच धरलं जातं.

“माझं कार्ड मी डिसेंबरात भरतो. एका बैठकीत. तीनशे पासष्ट खुणा, तीन पेनं.”

आता हसणं अर्ध्यावर थांबलं. पाळकसाहेबांनी डोक्याला हात लावला.

“ईस्टरच्या प्रीतिभोजनात मी खिडकीतून दुसऱ्याचं शास्त्र उचललं. ते आठ महिने दर रविवारी इथे आणलं, मांडीवर धरलं, त्यावर माउस फिरवला. पुस्तक बदललंय हे मला काल चार वाजता समजलं. कारण काल चार वाजता मी ते पहिल्यांदा उघडलं.”

मला वाटलं, आता कोणीतरी उठेल. बहुतेक चक्रनारायण उठतील, त्यांना सेक्रेटरीपद बऱ्याच वर्षांपासून हवं होतं.

कोणी उठलं नाही. पण तिसऱ्या बाकावरून एक बारीक आवाज आला. झिप उघडल्याचा. मग उजवीकडून आणखी एक. मग मागून. मग चहूकडून, कुठे सरसर, कुठे करकर, कुठे अडकलेली झिप ओढताना दाबलेला श्वास. तांबडी मखमल उघडत गेली आणि माणसं मान खाली घालून पहिलं पान बघायला लागली. चक्रनारायण उठले नाहीत, कारण त्यांची झिप अडकली होती.

त्या दिवशी उपासना अर्धा तास उशिरा सुटली. आणखी सहा शास्त्रं आपापल्या मालकांकडे गेली. एक पाळकसाहेबांचं होतं. ते तरुण संघाच्या खजिनदाराकडे होतं, आणि खजिनदाराचं पाळकसाहेबांकडे. दोघांनी ती अदलाबदल फारशी चर्चा न करता, आणि वेगाने, उरकली.

मला वाटलं होतं तसं काही कोसळलं नाही. फाटकाकडे जाताना चार-पाच जणांनी हात हातात घेतला, आणि प्रत्येकाने तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला. रात्रभर पायातच राहिलेले जोडे सकाळी काढावेत तसं वाटत होतं.

पुढच्या रविवारी काका फाटकाशी होतेच.

“काय सुधीर, वाचन चाललंय ना?”

“काल राहिलं, काका. कंदिलांची मीटिंग होती.”

“तारीख घातलीस?”

“घातली.”

“छान,” म्हणाले आणि सायकलला टांग मारली.

जानेवारीतल्या वार्षिक सभेत कार्डांचा अहवाल मीच वाचला. सेक्रेटरीपद कोणी काढून घेतलं नाही, एवढं काम करायला दुसरं कोणी तयार नव्हतं. त्या वर्षी साऱ्या मंडळीचेच आकडे अचानक खाली आले होते. तीनशेच्या पुढे एकटे काका होते. यादीच्या तळाशी मी पोचलो आणि वाचलं, “मकासरे, सुधीर. अठरा.”

मग पहिल्या बाकावरून स्पष्ट आवाज आला, “सेक्रेटरींनी जरा जोर लावायला हवा.”

मार्थाकाकू होत्या. मी मान डोलावली. इतक्या हलक्या मानेने मी त्या सभेत कधी उभा नव्हतो. ते वाक्य मी इतिवृत्तात घेतलं, आहे तसं, पेन्सिलीने.